शिष्यवृत्ती मंजूर होती, पैसे १३१ दिवसांनी आले : महाराष्ट्रातल्या आमदारांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्र विधानसभा आणि विधान परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य,

जय भीम. नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातली. बाबा एसटीत कंडक्टर होते, आता रिटायर झालेत, आई घरीच शिवणकाम करते. सरकारी शिष्यवृत्तीवर २०२३ च्या ऑक्टोबरात लंडनला मास्टर्स करायला गेले, २०२५ च्या जानेवारीत परत आले, आणि सध्या एका सीनियर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. हे पत्र खरंतर मी तिथं असतानाच लिहायला हवं होतं पण तेव्हा भीती वाटायची, की नाव झालं तर पुढचा हप्ता अडकेल, फाईल कुठंतरी खाली दाबली जाईल, म्हणून मी गप्प बसले आणि माझ्यासोबतचे सगळेच गप्प बसले. आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता, त्यात रात्री-बेरात्री सगळे रडायचे, आणि सकाळी कुणीतरी लिहायचं की प्लीज हे बाहेर कुठं टाकू नका.

परवा रात्री तिकडून एका ज्युनिअर मुलाचा फोन आला. मराठवाड्यातला आहे, आईवडील ऊसतोडीला जातात. कोर्स सुरू होऊन दोन महिने झाले, निर्वाह भत्त्याचा एक पैसा आलेला नाही, घरमालकानं पंधरा दिवसांची मुदत दिलीय. मला वाटलं तो उसने मागेल. त्यानं मागितले नाहीत. फक्त एवढंच विचारलं, "ताई, तुम्ही किती दिवस काढले होते?" मी म्हटलं, एकशे एकतीस. तो थोडा वेळ काहीच बोलला नाही, मग म्हणाला, "म्हणजे अजून सत्तर." आणि मला एकदम लाज वाटली, की मी त्याला धीर द्यायचा सोडून हिशोब लावून दिला. त्या रात्री झोप लागली नाही, म्हणून हे लिहायला बसले.

आधी एक सांगते. माझी शिष्यवृत्ती कोणत्या योजनेची, फाईल कोणत्या ऑफिसात होती, हे मी लिहिणार नाही. एकतर परदेशी शिक्षणाच्या योजना एकाच खात्याच्या नाहीत, राज्यात सामाजिक न्याय, आदिवासी विकास, बहुजन कल्याण, उच्च व तंत्रशिक्षण अशा वेगवेगळ्या विभागांच्या आहेत, वर केंद्राची आहे, आणि सगळीकडची पोरं एकमेकांना ओळखतात, सगळ्यांचं रडगाणं थोड्याफार फरकानं सारखंच आहे. दुसरं म्हणजे नाव घेतलं की चौकशी लागते ती त्या टेबलावरच्या एका क्लार्कची. तो बिचारा तीन माणसांचं काम एकटा करत असतो. त्याची बदली होते आणि पद्धत जशीच्या तशी राहते. मला पद्धतीबद्दल बोलायचंय, आणि ती बदलायचा अधिकार तुमच्याकडे आहे, त्याच्याकडे नाही.

आता माझं काय काय झालं ते सांगते.

पहिली गोष्ट, निवड यादी. माझा कोर्स २५ सप्टेंबरला सुरू होणार होता. युनिव्हर्सिटीचं ॲडमिशन लेटर माझ्याकडे मार्चपासून होतं. शिष्यवृत्तीचं निवडपत्र हातात पडलं ते सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात. सरकारचं स्पॉन्सर लेटर असलं की ब्रिटनच्या व्हिसाला बँकेत पैसे दाखवावे लागत नाहीत, ही खूप मोठी सोय आहे, आमच्यासारख्या घरातल्या मुलांसाठी तर तोच एक दरवाजा आहे, पण ते पत्र कोर्स सुरू व्हायला वीस दिवस उरले असताना मिळालं तर करायचं काय? व्हिसा साधारण तीन आठवड्यांनी येतो. म्हणून प्रायॉरिटी व्हिसा घ्यावा लागला, त्याचे वरचे पैसे वेगळे. व्हिसा फी ३६३ पौंड, हेल्थ सरचार्ज ७०५ पौंड, सगळे मिळून सव्वा लाखाच्या वर, आणि हे सगळं आधी आपल्या खिशातून. बाबांनी पतसंस्थेतून दोन लाख काढले. आईची पोत गहाण गेली. ४ ऑक्टोबरला मी लंडनला उतरले तेव्हा पहिला आठवडा संपून दुसरा चालू होता, बाकीच्यांचे ग्रुप झाले होते, ओळखी झाल्या होत्या, लायब्ररी कशी वापरायची हे दाखवून झालं होतं. मी ते सगळं नंतर एकटीनं शोधत बसले. मला युनिव्हर्सिटीनं उशिरा का होईना घेतलं तरी. माझ्यासोबत निवड झालेल्या एकीच्या युनिव्हर्सिटीनं सरळ नाही सांगितलं, शेवटची तारीख गेली म्हणे, तिची सीट गेली. पुढच्या वर्षी तिनं परत अर्ज केला नाही. तिचं लग्न झालं.

दुसरी गोष्ट, भत्ता. तो यायला १३१ दिवस लागले, १२ फेब्रुवारीला आला. पण त्याच्या आधी रक्कम बघा. केंद्र आणि राज्य दोन्हीकडच्या योजनांत ब्रिटनसाठी वर्षाचा निर्वाह भत्ता ९,९०० पौंड, अमेरिका आणि बाकी देशांसाठी १५,४०० डॉलर असा धरलेला होता, आणि हा आकडा आमच्या आधीच्या कित्येक बॅचपासून तोच होता. आता ब्रिटनचं सरकार स्वतः काय म्हणतं? मी गेले त्या वर्षी व्हिसासाठी लंडनमध्ये राहायचा खर्च महिना १,३३४ पौंड धरायचे, नऊ महिन्यांचे १२,००६. त्यानंतर तो आकडा अजून वाढवलाय. म्हणजे तिथलं सरकार म्हणत होतं की नऊ महिने जगायला बारा हजार तरी हवेत, आणि आपण बारा महिन्यांना नऊ हजार नऊशे देत होतो, आणि तेही निम्मं वर्ष होत आल्यावर. हा गणिताचा प्रश्न आहे, कुणाच्या दानतीचा नाही, पण हे गणित कुणीतरी मांडायला तर हवं.

मग पोरं जगतात कशी? स्टुडंट व्हिसावर टर्म चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं. मी एका किचनमध्ये सँडविच भरायचे काम करायचे, संध्याकाळी सहा ते अकरा, आठवड्यातून चार दिवस. तेव्हा कमीत कमी पगार तासाला १०.४२ पौंड होता, म्हणजे आठवड्याचे २०८. खोलीचं भाडं आठवड्याला १६५. उरले ४३, त्यात खाणं, प्रवास, फोन. तिथं थंड खोलीत उभं राहून काम असतं, हातात दोन-दोन ग्लोव्हज घातले तरी बोटं बधिर व्हायची, रात्री घरी येऊन टाईप करायला बसलं की सुरुवातीची दहा मिनिटं बोटं वळायचीच नाहीत. मला कामाची लाज नाही, माझी आई रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मशीन चालवते. पण मला वाचायला पाठवलं होतं. सेमिनारच्या आधी तीन पेपर वाचून जायचे असतात, मी एक वाचून जायचे, आणि मग तोंड उघडायची हिंमत व्हायची नाही, आणि मग तिथल्या प्रोफेसरला वाटायचं की या भारतातल्या मुली शांतच असतात.

तिसरी गोष्ट मला जास्त लागली, ती म्हणजे कुणीच उत्तर देत नाही. आपली सरकारी ऑफिसं पावणेदहाला उघडतात. हिवाळ्यात लंडनचं घड्याळ साडेपाच तास मागं असतं, म्हणजे सव्वाचार. मी पहाटे सव्वाचारचा अलार्म लावायचे. पांघरुणातच बसून फोन लावायचा, रिंग पूर्ण वाजायची, परत लावायचा. आपल्याकडच्या साडेदहाच्या सुमारास कुणी उचललाच तर साहेब मीटिंगला, साहेब फिल्डवर, बीम्सवर, म्हणजे सरकारच्या निधीवाटपाच्या ऑनलाईन प्रणालीवर, तरतूद आली नाही, बिल ट्रेझरीत गेलंय, ट्रेझरीतून परत आलंय. नोव्हेंबर-डिसेंबरात मी अठ्ठावीस ईमेल केले, एकाला उत्तर आलं, त्यात लिहिलं होतं की संबंधितांशी संपर्क साधावा.

मग बाबा जायला लागले. सात वेळा गेले, एसटीनं, एका खेपेला येऊन-जाऊन दोन दिवस. दर वेळी एक नवीन त्रुटी. एकदा बॉंडवर जामीनदाराची सही चुकीच्या पानावर होती, एकदा उत्पन्नाच्या दाखल्याचं वर्ष चालत नव्हतं, एकदा माझ्या तिकडच्या बँकेच्या कोडमधलं एक अक्षर त्यांच्याकडून टाईप करताना सुटलं होतं ते आम्ही प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यायचं होतं. सगळ्या त्रुटी एकदम का सांगत नाहीत हे बाबांनी एकदाच विचारलं, तर त्यांना सांगण्यात आलं की फाईल जशी पुढं सरकते तशा त्रुटी निघतात. जामीनदार म्हणजे बाबांचे डेपोतले दोन सहकारी, दोघांनी माझ्यासाठी स्टॅम्पपेपरवर सह्या केलेल्या, त्यांना परत-परत बोलवायचं बाबांच्या जीवावर यायचं.

बाबांची एक वही आहे. कंडक्टरला वेबिल भरायची सवय असते, प्रत्येक टप्प्याची नोंद, तशी त्यांनी या खेपांची नोंद ठेवली. तारीख, कोणतं टेबल, कोण काय म्हणालं, चहाचे किती. परत आल्यावर मी ती वही वाचली. १८/१२ च्या पुढं लिहिलंय, "साहेब नागपूर अधिवेशनाला. नंतर या." ते तुमचं अधिवेशन होतं. तुम्ही आत होता, आमच्या फाईलवर सही करणारे साहेब तुमच्या प्रश्नांची उत्तरं तयार करायला नागपूरला होते, आणि आमचा प्रश्न कुणी विचारलेलाच नव्हता.

फीचं थोडक्यात सांगते कारण ते सगळ्यांना माहीत आहे. फी थेट युनिव्हर्सिटीला जाते, उशिरा जाते, आणि युनिव्हर्सिटी सरकारला ओळखत नाही, विद्यार्थ्याला ओळखते. जानेवारीत माझं ऑनलाईन पोर्टल बंद केलं, तीन आठवडे मला माझेच मार्क दिसत नव्हते. डिझर्टेशन २०२४ च्या सप्टेंबरात दिलं, निकाल नोव्हेंबरात लागला, शेवटचा हप्ता बाकी म्हणून सर्टिफिकेट अडवून ठेवलं ते मार्चमध्ये सोडलं. मधल्या काळात पुण्यातल्या एका संस्थेत माझं सिलेक्शन झालं होतं. त्यांनी महिनाभर वाट पाहिली, सर्टिफिकेट दाखवा म्हणाले, माझ्याकडे नव्हतं. विमानाच्या तिकिटाचं तर असं की मूळ बोर्डिंग पास जोडा म्हणतात, आणि तो थर्मल कागद वर्षभरात कोरा पडतो. माझ्याकडे आता एक पांढरी पट्टी आहे, प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली.

आणि नियम. २०२४ साली राज्याच्या योजनेचं वेळापत्रक चालू असताना गुणांची अट ५५ टक्क्यांवरून ७५ वर नेली, मास्टर्सला ३० लाख आणि पीएचडीला ४० लाख अशी मर्यादा घातली, ओरड झाली, आणि मग काही अटी मागं घ्यायची वेळ आली. ज्यांनी आधीच ॲडमिशन घेऊन ठेवलं होतं त्या पोरांच्या ग्रुपवरचे ते दोन महिने मी वाचलेत. आणि हे फक्त राज्यातच होतं असं नाही, २०२५ च्या जुलैत केंद्राच्या योजनेत निवडलेल्या १०६ जणांपैकी पहिल्यांदा ४० जणांनाच पत्रं दिली, बाकीच्यांना निधी असेल तर मिळेल म्हणून सांगितलं. निवड झाली आणि निधी नाही, या दोन गोष्टी एकाच कागदावर कशा असू शकतात?

ब्रिटनमध्ये सगळं छान आहे असं मी अजिबात म्हणत नाही. खोल्यांची भाडी, रात्रीच्या बसमध्ये ऐकलेले शब्द, सगळं पाहिलंय. तिथल्या सरकारनंही विद्यार्थ्यांना त्रास होईल असे निर्णय घेतले, मास्टर्सवाल्यांना नवरा-बायको-मुलं सोबत आणायला बंदी घातली. पण तो निर्णय २०२३ च्या मे महिन्यात जाहीर केला आणि १ जानेवारी २०२४ पासून लागू केला. सात महिने आधी सांगितलं. निर्णय वाईट असला तरी माणसाला आपलं आयुष्य त्याप्रमाणे लावायला वेळ दिला. आपल्याकडे चांगला निर्णयसुद्धा असा राबवतात की ज्याच्यासाठी घेतलाय त्याच्या अंगावर येतो.

अजून एक, जे मला तिथं जाऊन कळलं आणि अजूनही मनातून जात नाही. २६ एप्रिल २०२४ ला आमच्या यवतमाळ-वाशिमला लोकसभेचं मतदान होतं. माझं नाव यादीत आहे, पण लंडनमधून मत देता येत नाही, प्रत्यक्ष बूथवरच जावं लागतं, आणि तिकिटाला पैसे कुठले. पुढच्याच आठवड्यात, २ मे ला, लंडनच्या महापौराची निवडणूक होती. राष्ट्रकुल देशांचे नागरिक तिथं राहत असतील तर त्यांना मत देता येतं, म्हणून मी नाव नोंदवलं होतं. शाळेच्या हॉलमध्ये गेले, भारताचा पासपोर्ट दाखवला, त्या बाईंनी यादीत नाव बघितलं आणि मतपत्रिका हातात दिली. ४ जुलैला त्यांच्या संसदेसाठीपण दिलं. बाहेर येऊन मी त्या शाळेच्या पायरीवर बसले. परक्या देशात माझं मत मोजलं गेलं, आणि ज्यांच्या हातात माझी फी, माझा भत्ता, माझ्या बापाच्या सात खेपा आहेत त्यांना निवडताना मी नव्हते. २०१८ मध्ये परदेशातल्या मतदारांना प्रतिनिधीमार्फत मत देता यावं म्हणून विधेयक लोकसभेत मंजूर झालं होतं, ते पुढं गेलंच नाही. तो विषय दिल्लीचा आहे हे मला कळतं. पण आमचा आवाज तुमच्यापर्यंत का येत नाही याचं एक कारण हेही आहे, परदेशात असलेला विद्यार्थी इथं कुणाचाच मतदार नसतो.

आता किंग हेन्रीज रोडबद्दल. चॉक फार्म भागात १० नंबरचं घर, १९२१-२२ मध्ये बाबासाहेब तिथं राहायचे. २०१५ साली आपल्या सरकारनं ते विकत घेतलं, तीस लाखांहून जास्त पौंड देऊन, आणि तिथं स्मारक केलं. मला त्याचा अभिमान आहे, मी ते पैसे वाया गेले असं म्हणणाऱ्यांपैकी नाही, आमच्या घरात देव्हारा नाही, बाबासाहेबांचा फोटो आहे. नोव्हेंबरातल्या एका रविवारी मी तिथं गेले. बसचे १.७५ पौंड वाचवायचे म्हणून ब्रिटिश म्युझियमकडून चालत गेले, पाऊण-एक तास लागला. त्या दिवशी माझ्या खात्यात ६१ पौंड होते. घरात फिरले, खिडकीशी उभी राहिले, आणि मला शाळेत पाठ केलेलं सगळं वेगळंच आठवायला लागलं. सयाजीराव महाराजांनी १९१३ साली त्यांना शिष्यवृत्ती दिली, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. ते कोलंबियात शिकले, मग लंडनला आले, आणि मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट सोडून त्यांना परत यावं लागलं. परत लंडन गाठायला १९२० उजाडलं. सिडनहॅम कॉलेजात शिकवून साठवलेले पैसे, मित्र नवल भथेनांकडून उसने घेतलेले पाच हजार, शाहू महाराजांची मदत, एवढ्यावर ते गेले, आणि डी.एस्सी. १९२३ ला झाली. ते होते म्हणून परत जाऊ शकले. बाकीची पोरं बाबासाहेब नाहीत. ती एकदा परत आली की परत आली.

शंभर वर्षांपूर्वी एका संस्थानानं महिन्याच्या हिशोबानं शिष्यवृत्ती दिली, तेव्हा तर पैसे पाठवायचा आजच्यासारखा कुठलाच मार्ग नव्हता. आज एका क्लिकवर जातात. त्या घराची दुरुस्ती, तिथली निगा यासाठी जशी तरतूद होते तशी तरतूद तिथून दोन मैलांवर खोली भाड्यानं घेऊन राहणाऱ्या मुलीसाठी का होत नाही, हे मी त्या खिडकीशी उभी राहून स्वतःला विचारत होते आणि आज तुम्हाला विचारतेय.

काही जण म्हणतात, लोकांच्या टॅक्सच्या पैशातून परदेशवारी कशाला, इथं काय कॉलेजं नाहीत? मी त्याचं उत्तर देते. माझा विषय शिक्षणाचं धोरण होता. जिल्हा परिषदेच्या कमी पटाच्या शाळा बंद केल्या की मुली शिकायच्या थांबतात का, यावर मी काम केलं. त्याच्यासाठी मला जी पुस्तकं, जे डेटासेट, जे मार्गदर्शक मिळाले ते मला यवतमाळात मिळाले नसते, नागपुरातही नाही. मी परत आले, बॉंडमध्ये लिहिलंय म्हणून नव्हे, मला यायचंच होतं. आज बी.ए.च्या वर्गात ४० पोरांना शिकवते, तासावर पैसे मिळतात, सुट्टीत मिळत नाहीत, तो वेगळाच विषय आहे आणि त्यावरही कधीतरी तुम्हाला लिहीन. त्या वर्गात एक मुलगी आहे, तालुक्यात पहिली आलेली, तिनं मला विचारलं, मॅडम मी फॉर्म भरू का? मी हो म्हणाले. पण हो म्हणायला मला दोन दिवस लागले.

माझ्या मागण्या साध्या आहेत, यात नवीन योजना नाही, नवीन घोषणा नाही.

सगळ्या परदेशी शिष्यवृत्त्यांची निवड यादी आणि पत्रं दर वर्षी ३१ मे पर्यंत लावा, त्यासाठी जाहिरात जानेवारीत काढा. कोर्सच्या तारखा जगभर ठरलेल्या आहेत, त्या आपल्यासाठी थांबत नाहीत.

पहिल्या तीन महिन्यांचा भत्ता विद्यार्थी विमानात बसायच्या आधी द्या. उरलेला दर तीन महिन्यांनी, आगाऊ. पावत्या नंतर तपासा, हवं तर दोनदा तपासा.

भत्त्याची रक्कम त्या-त्या देशाच्या व्हिसाच्या आकड्याला बांधा, म्हणजे दर वेळी फाईल फिरवायला नको.

निवड जेवढ्यांची तेवढ्यांची पूर्ण कोर्सची तरतूद बजेटमध्येच करा, आणि ती दुसरीकडे वळवता येणार नाही असं करा. निधी नसेल तर जाहिरातीत कमी जागा काढा, पण निवडलेल्याला लटकवू नका.

त्रुटी एकदाच आणि लेखी कळवा. फाईल कुठं आहे ते ऑनलाईन दिसू द्या, कुरियरचं पार्सल दिसतं तसं. सगळ्या योजनांसाठी मिळून एक फोन नंबर द्या जो उचलला जाईल, आणि उचलणाऱ्याला त्या कामाचाच पगार असू द्या.

जाहिरात निघाल्यावर त्या वर्षापुरता कुठलाही नियम बदलू नका.

आणि ही शेवटची मागणी तुमच्या स्वतःच्या कामाची आहे. येत्या अधिवेशनात कुणीतरी एक तारांकित प्रश्न टाका. गेल्या पाच वर्षांत प्रत्येक योजनेत किती निवडले, प्रत्येकाचा कोर्स कधी सुरू झाला, आणि पहिला हप्ता त्याच्या खात्यात कोणत्या तारखेला पडला. फक्त तारखा मागा. तुम्ही सत्ताधारी असा की विरोधी, हा प्रश्न कुणालाही विचारता येतो, यात कुणाची बदनामी नाही. माझ्या ओळीपुढं ४ ऑक्टोबर आणि १२ फेब्रुवारी येईल.

डिसेंबरात अधिवेशन नागपूरला असतं. आमच्याकडून एसटीनं साडेतीन-चार तास. मी आणि बाबा सकाळच्या गाडीनं येऊ, बाबांची वही आणि माझी फाईल सोबत घेऊन, दोन्हीच्या झेरॉक्स काढून ठेवल्यात. तुमच्यापैकी ज्यांना वेळ असेल त्यांनी दहा मिनिटं द्यावीत, पास तेवढा काढून ठेवावा, म्हणजे गेटवर थांबावं लागणार नाही.

आपली,
यवतमाळ जिल्ह्यातली एक मतदार आणि माजी शिष्यवृत्तीधारक